हबक्कूकचे ‘तरी’ आणि आमची वाडी

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. आमची पोफळी-माडांची वाडी त्याच्या दक्षिणेला, दापोली तालुक्यात, हर्णै बंदरापासून थोड्या अंतरावर आहे. वाऱ्यापावसाची आम्हाला सवय आहे, परंतु पोफळ, म्हणजे सुपारीचे झाड, मधोमध मोडताना होणारा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आधी एक कोरडा कडाका, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग शेंड्याचा सगळा भार जमिनीवर आदळल्याचा धपका. बाबा, आई, दादा, वहिनी आणि मी माजघरात भिंतीला टेकून बसलो होतो, आणि बाबा प्रत्येक आवाजाला डोळे मिटत होते. ते मोजत होते हे मला नंतर कळले. संध्याकाळी वारा पडल्यावर त्यांनी मोजणे सोडून दिले, कारण उलटे मोजणे सोपे झाले होते. तीनशेच्या वर पोफळींपैकी एकेचाळीस उभ्या होत्या. माडांपैकी सात. पोफळींवर चढवलेल्या मिरीच्या वेली त्यांच्याबरोबर खाली आल्या होत्या आणि आजोबांच्या हातचे जायफळाचे झाड मुळासकट उपटून विहिरीच्या काठावर आडवे पडले होते.

ज्यांची वाडी नाही त्यांना हे नुकसान पैशांत मोजता येईल असे वाटते. पोफळीचे रोप लावल्यापासून हाताशी उत्पन्न यायला पाच-सात वर्षे लागतात आणि एकदा लागली की ती पुढची कित्येक वर्षे देत राहते. त्यामुळे वाडी म्हणजे मागच्या पिढीने पुढच्या पिढीला घातलेले जेवण असते. त्या वर्षी शासनाने बागायतीसाठी हेक्टरी ५० हजार रुपयांची वाढीव मदत जाहीर केली, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. आमच्याकडे वाड्या गुंठ्यांतच मोजतात. पण मला आज लिहायचे आहे ते त्या रात्रीबद्दल, आणि त्या रात्रीपासून माझ्या मनात घर करून राहिलेल्या एका शब्दाबद्दल.

आमच्या घरी रात्री जेवणाआधी कौटुंबिक उपासना होते. एक गीत, शास्त्रवाचन, प्रार्थना. आजोबांपासून चालत आलेला हा नेम आहे आणि त्या रात्रीही तो चुकला नाही, जरी वीज नव्हती, पडवीची कौले उडाली होती आणि माजघरातल्या टोपात वरून थेंब पडत होते. वाचनाची पाळी आईची होती. तिने नेहमीचा भाग सोडून बायबलातले हबक्कूक संदेष्ट्याचे पुस्तक उघडले, तिसरा अध्याय, सतरावे वचन. ज्यांनी ते वाचले आहे त्यांना आठवेल की तेथे संदेष्टा एकेक वस्तू नाहीशी झाल्याचे सांगतो. अंजीर फुलत नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे उत्पन्न बुडाले, शेते पिकत नाहीत, मेंढवाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत. आईने कंदिलाजवळ पुस्तक धरले, परंतु तिने छापलेले वाचले नाही. ती म्हणाली, पोफळ फुलली नाही, माडाला नारळ नाही, मिरीचा वेल गेला, जायफळ गेले, कौले गेली. मग तिने पुस्तक मिटले.

पुढचे वचन ‘तरी’ या शब्दाने सुरू होते. तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष पावेन, असे हबक्कूक म्हणतो. आम्हा सगळ्यांना ते पाठ होते आणि आईने ते वाचले नाही. टोपात थेंब पडत राहिले. बराच वेळ गेल्यावर बाबांनी, मान खाली घालून, अगदी हलक्या आवाजात ते वचन म्हटले. आईने आमेन म्हटले की नाही ते मला ऐकू आले नाही.

त्या काळात आमच्याकडे पुष्कळ माणसे येऊन गेली. शेजारपाजारचे कुणबी आणि मुसलमान भाऊ कोयत्या-करवती घेऊन आले आणि वाट मोकळी होईपर्यंत आमच्याबरोबर ओंडके ओढत राहिले. त्यांच्यापैकी कोणीही देवाने असे का केले ते सांगितले नाही. ते सांगणारे निराळे होते. एका परिचित बंधूंनी ओल्या पडवीत खुर्चीवर बसून आम्हाला समजावले की प्रभू ज्यांच्यावर प्रीती करतो त्यांनाच तो शिस्त लावतो, तेव्हा घराने आपले अंतःकरण तपासून पाहावे. दुसऱ्या एका भगिनींनी प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायातले प्रसिद्ध वचन सांगितले, की देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. वचन खरे आहे आणि मी ते मानते. पण त्याच अध्यायात त्या वचनाच्या थोडेच आधी पौल लिहितो की सारी सृष्टी कण्हत आहे, आपण स्वतः कण्हत आहोत, आणि ज्या वेळी काय मागावे हेही आपल्याला कळत नाही त्या वेळी पवित्र आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. कल्याणाचे वचन या कण्हण्यातून वाट काढत येते. दुःखात असलेल्या माणसापुढे पहिला भाग गाळून फक्त शेवटचा ठेवला, तर त्याला असे वाटते की कण्हणे हाच त्याचा अविश्वास आहे.

बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात ईयोबाचे सारे काही गेले तेव्हा त्याच्या मित्रांनी नेमके हेच केले, आणि तेही आरंभी चांगले वागून. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. मला वाटते, त्या पुस्तकात त्यांनी केलेले सर्वांत योग्य काम तेच होते. मग ते बोलू लागले आणि त्यांच्या बोलण्यात देवाची बाजू घेण्याची फार घाई होती. ईयोब मात्र अध्यायामागून अध्याय तक्रार करतो, जन्मदिवसाला शाप देतो, देवाने समोर येऊन उत्तर द्यावे असे म्हणतो. शेवटच्या बेचाळिसाव्या अध्यायात देव कोणाला दोष देतो? तो त्या मित्रांपैकी एलीफजला सांगतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. लहानपणापासून हे पुस्तक ऐकत आले होते, पण हे वाक्य मी वादळानंतरच नीट ऐकले. आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. ईयोबाची मुले वाऱ्यानेच गेली होती. रानाकडून आलेल्या प्रचंड वाऱ्याने घराचे चारही कोपरे हलवले आणि घर त्यांच्यावर पडले. आणि अडतिसाव्या अध्यायात देव त्याच्याशी बोलतो तो वावटळीतून. त्या माणसाला वाऱ्याचा आवाज ऐकून काय वाटले असेल याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. देव तेथे त्याला कारण सांगत नाही. तो स्वतः येतो, आणि ईयोबाला ते पुरते.

पुढच्या वर्षी, २०२१च्या एप्रिलमध्ये, करोनाने बाबा गेले. रुग्णालयात दाखल केल्यापासून नऊ दिवसांत सगळे संपले. शेवटचे त्यांना आम्ही दादाच्या फोनच्या पडद्यावर पाहिले. त्यांच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता आणि ते काही बोलत होते, पण शब्द लागत नव्हते. दफनविधीला मोजकी माणसे होती. पाळकांनी लांब उभे राहून, मुखपट्टीतून, घाईघाईने प्रार्थना वाचली. माती टाकायला आम्हाला जवळ जाता आले नाही, आणि आई स्वतः तापाने अंथरुणाला खिळलेली असल्यामुळे ती आलीच नव्हती. महिनाभराने, मेच्या मध्यावर, तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला समांतर वर गेले आणि एकेचाळीसपैकी सहा पोफळी आणखी पडल्या.

त्यानंतर आईने उपासनेत गाणे बंद केले.

तिने उपासना बंद केली नाही. रोज रात्री ती आपल्या जागेवर, भिंतीकडच्या पाटावर, येऊन बसे. गीतांचे पुस्तक काढून पान उघडून आमच्या हातात देई आणि मग गप्प राही. चर्चमध्ये मंडळीच्या उपासनेलाही ती जाई, उभी राही, बसे, प्रभूभोजन घेई, पण ओठ हलत नसत. हे लोकांच्या नजरेत आले, आणि तुझ्या आईचा विश्वास थंड पडला आहे, तिच्यासाठी विशेष प्रार्थना ठेवू, असे मला दोघा-तिघांनी काळजीने सांगितले. मला तेव्हा उत्तर सुचले नाही. आज सुचते. जिचा विश्वास संपला आहे ती बाई रोज रात्री येऊन पाटावर कशाला बसेल? आपल्या शास्त्रात अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आहे, ज्याचा शेवट अंधारातच होतो. त्यात उजाडत नाही. ज्याने ते रचले तोही पहिल्या ओळीत परमेश्वराला हाक मारूनच बोलायला बसला होता, आणि देवाच्या लोकांनी ते स्तोत्र काढून टाकले नाही, गात राहिले. बेथानीला आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी प्रभू येशू रडला. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. म्हणजे पुनरुत्थानाची खात्री असणे आणि रडणे यांत त्याला विसंगती दिसली नाही. ती आपल्यालाच का दिसावी?

जुन्या मराठी शास्त्रात विश्वास ठेवण्याला ‘भाव ठेवणे’ असेही म्हटलेले आहे आणि मला तो शब्दप्रयोग फार जवळचा वाटतो. ठेवणे म्हणजे एखादी वस्तू कोणाच्या तरी हवाली करणे. हवाली करताना हात थरथरला तरी वस्तू हवाली होतेच.

आमच्या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कार्याचा आरंभही असाच थरथरत झालेला आहे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल १८२३ मध्ये येथे आले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. वर्षसुद्धा पुरे झाले नाही. तरी बाणकोटला काम सुरू झाले आणि पुढे हर्णैलाही. १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट या बाजूला राहून मराठी शिकल्या, आणि मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ मध्ये त्याही गेल्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांचे घर दुभंगले, आणि लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. या सगळ्यांनी केव्हा आणि कोणत्या शब्दांत देवापुढे तक्रार केली असेल, ते त्यांचे त्यांना माहीत. आपल्याकडे पोचले आहे ते त्यांचे ‘तरी’. त्यामुळे आपली अशी समजूत होते की ते प्रत्येकाला आपले आपण, एकट्यानेच म्हणावे लागते.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात आणि गर्दीमुळे दार सापडत नाही म्हणून घराचे छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. छप्पर उघडे पडलेल्या घरात राहिल्यावर ही गोष्ट वेगळी वाचली जाते, ती असो. तेथे लिहिले आहे की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. बाजेवर पडलेल्या माणसाने तोवर तोंड उघडलेले नाही. त्याचा विश्वास होता की नव्हता हे मार्क सांगत नाही. त्याला आणणारे होते, आणि ते पाहून प्रभू त्याच्याशी बोलला, त्याला मुला म्हणाला. वादळाच्या रात्री बाबांनी आईसाठी जे केले ते हेच होते असे मला आता वाटते. तिला पुढचे वचन म्हणता आले नाही, आणि ते तिने म्हणावे असा त्यांनी आग्रह धरला नाही, तिला समजावले नाही, थोडा वेळ वाट पाहिली आणि मग तिच्या वतीने स्वतः म्हटले. त्यांच्या आवाजात हर्ष नव्हता. त्यांची स्वतःची वाडी बाहेर आडवी पडली होती.

दुःखात असलेल्या विश्वासू माणसाकडे जाणाऱ्या माझ्या भावाबहिणींना मी एवढीच विनंती करीन की त्याला सतराव्या वचनाच्या पुढे नेण्याची घाई करू नये. हबक्कूक स्वतः तेथे एका दमात पोचलेला नाही. तीन अध्यायांच्या त्या पुस्तकाचा आरंभच, हे परमेश्वरा मी किती वेळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस, असा आहे. देवाने त्याला दिलेले उत्तरही दिलासा देणारे नव्हते. खास्दी, म्हणजे बाबेलचे, लोक चाल करून येणार, असे ते उत्तर होते. ते ऐकून त्याने पुन्हा तक्रार केली, मग तो बुरुजावर उभा राहून वाट पाहत राहिला, आणि अगदी शेवटी, पोटात थरकाप आणि ओठांना कंप सुटला असताना, त्याने ‘तरी’ म्हटले. ज्याच्याने म्हणवत नाही त्याच्याशेजारी बसावे. म्हणता येईल तेव्हा त्याच्यासाठी आपण म्हणावे.

दादाने २०२१च्या पावसात पोफळीची दोनशे रोपे लावली. त्यांतली काही गुरांनी खाल्ली, काही उन्हाने गेली, उरलेली वाढली. आईच त्यांना पाणी लावते. दर वर्षी ३ जूनला आम्ही घरी हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचतो आणि वाचन आईकडे असते. आता ती छापले आहे तसेच वाचते, अंजीर, द्राक्षी, जैतून, आणि सतरावे वचन संपले की थांबते. पहिल्या वर्षी पुढचे दादाने म्हटले होते, रडत. नंतर ते माझ्याकडे आले. यंदाही ती थांबली, मी अठरावे वचन म्हटले, दादाने प्रार्थना केली, आणि आई पुस्तक फडताळात ठेवून, पदर खोचून, पाटाचे पाणी खालच्या रांगेला फिरवायला बाहेर गेली.