ट्रेजनचं नाणं वाचताना

रोमन नाणं हातात आलं की आपण आधी चेहरा बघतो. पण ठसे कोरणारे हात अनेक, त्यामुळे एकाच सम्राटाचं नाक दहा तऱ्हांचं निघतं. सत्तेचा खरा तपशील कडेच्या अक्षरांत असतो.

रोमन सम्राट ट्रेजनचा (राज्यकाळ इ.स. 98 ते 117) डिनॅरियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, घ्या: वजन साधारण 3.2 ते 3.4 ग्रॅम, व्यास 18-19 मिलिमीटर. खाली डावीकडून, छातीच्या टोकापासून, घड्याळाच्या दिशेने वाचत जायचं. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ दिसेल. ‘आय एम पी’ म्हणजे इंपेरातोर, सेनापती-सम्राट. ‘जी ई आर’ ही जर्मनांवरच्या विजयाची पदवी (इ.स. 97), ‘डी ए सी’ डेशियावरच्या (आजच्या रोमानियाचा भाग; 102). ‘पी एम’ म्हणजे मुख्य धर्माधिकारी, ‘टी आर पी’ म्हणजे ट्रिब्यूनचे, जनतेच्या प्रतिनिधीचे, अधिकार (टीव्हीवाला टीआरपी नव्हे!).

गंमत नावाच्या शेवटी आहे. तिथे ‘त्रायानो’ असतं, म्हणजे चक्क चतुर्थी विभक्ती: ट्रेजनला. मागच्या बाजूला ‘एस पी क्यू आर’ आणि ‘ओप्तिमो प्रिन्चिपी’चं लघुरूप. सगळं जोडून वाचा: सिनेट आणि रोमन जनतेकडून सर्वोत्तम शासकाला. टांकसाळ सम्राटाच्याच ताब्यात, म्हणजे मानपत्र घरचंच.

साल काढायला बहुतेक सम्राटांच्या ‘टी आर पी’पुढचा आकडा पुरतो, तो दरवर्षी वाढतो. ट्रेजनच्या नाण्यांवर तो सहसा नसतो, म्हणून ‘सी ओ एस’, म्हणजे कॉन्सल हे रोममधलं मोठं शासकीय पद, शोधायचं. पुढे ‘व्ही’ असेल तर पाचवं कॉन्सलपद, म्हणजे 103 ते 111. ‘व्ही आय’ असेल तर 112 किंवा नंतरचं. घोळ इथेच होतो. ठसा तिरपा बसला की नेमका तो ‘आय’ कडेबाहेर जातो. अशा वेळी ‘103 ते 117’ लिहून मोकळं व्हावं.

नाणं साफ करायला चिंच-लिंबू अजिबात लावू नका. आम्ल चांदीत मिसळलेलं तांबं खातं, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि बारीक अक्षरं आधी जातात. कडेला हिरवट डाग दिसला तर आत तांब्याचा गाभा, वर चांदीचा पत्रा असू शकतो. अशी खोटी नाणी रोमन काळातही होती. कडेवर सलग शिवण आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे असतील तर नाणं ठोकलेलं नाही, साच्यात ओतलेलं आहे, म्हणजे बहुधा बनावट.

चेहऱ्यावर छिन्नीचा सरळ घाव असेल तर मात्र लगेच ‘खराब’ म्हणू नका. तमिळनाडूत पुदुकोट्टैला 1898 मध्ये सापडलेल्या 501 सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच असा घाव आहे. नाणं म्हणून ते बाद करून नुसतं सोनं म्हणून तोलायचं, असा त्याचा अर्थ लावतात.