कॉर्वेट: आठ पिढ्या, पाच सांगाडे

शेवरोले कॉर्वेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारच्या आजवर आठ पिढ्या झाल्या, सी१ ते सी८. ही मोजणी बहुतेक बॉडीच्या आकारावरून चालते: दिवे झाकलेले की उघडे, मागची काच दुभंगलेली की सलग, टेललाइट गोल की चौकोनी. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिली की हिशेब बदलतो. सी२ आणि सी३ ची चॅसी मूलतः एकच आहे. सी५, सी६ आणि सी७ ची मांडणीही एकच, धातू तेवढा बदलत गेला. म्हणजे खऱ्या अर्थाने सांगाडे पाच. जुनी कॉर्वेट घेणाऱ्याने किंवा दुरुस्त करणाऱ्याने हीच मोजणी डोक्यात ठेवावी, कारण दुखणी बॉडीनुसार येत नाहीत, सांगाड्यानुसार येतात.

पहिला सांगाडा १९५३ चा. त्या वर्षी मिशिगनमधल्या फ्लिंट इथे फक्त ३०० गाड्या बनल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. बॉडी फायबरग्लासची, पण खालचे बरेचसे भाग शेवरोलेच्या साध्या कौटुंबिक गाड्यांतून घेतलेले: २३५ घनइंचाचे सहा सिलिंडरचे इंजिन, तीन कार्बोरेटर, १५० अश्वशक्ती आणि दोनच गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक. मागे सलग अॅक्सल आणि पाटे. स्पोर्ट्स कार म्हणून ही जोडणी अपुरी होती, आणि १९५५ मध्ये जेमतेम ७०० गाड्या बनल्या तेव्हा मॉडेल बंद होण्याचीच वेळ आली होती. त्याच वर्षी आलेल्या २६५ घनइंचाच्या व्ही८ इंजिनाने आणि अभियंता झोरा आर्कस-डंटोव्ह यांच्या हट्टाने गाडी वाचली. १९५७ मध्ये २८३ घनइंचाच्या इंजिनाला फ्युएल इंजेक्शन मिळाले आणि त्याची जाहीर शक्तीही २८३ अश्वशक्तीच होती. इंजिन असे झपाट्याने पुढे गेले, ब्रेक मात्र १९६४ पर्यंत ड्रमचेच राहिले आणि मागचा अॅक्सलही १९६२ पर्यंत तसाच.

दुसरा सांगाडा १९६३ चा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. सी२, म्हणजे स्टिंग रे. लोक १९६३ च्या दुभंगलेल्या मागच्या काचेवर जीव टाकतात (ती एकच वर्ष होती), पण खरे काम तिच्या खाली झाले. मागची दोन्ही चाके स्वतंत्र झाली. डिफरन्शियल चॅसीला पक्के बसवले आणि त्याच्या खाली नऊ पानांचा पाटा आडवा लावला. चाकांकडे जाणाऱ्या हाफ शाफ्टना दुहेरी काम दिले: चाक फिरवायचे आणि सस्पेन्शनचा वरचा दांडा म्हणूनही भार घ्यायचा. खाली स्ट्रट रॉड, पुढून ट्रेलिंग आर्म. कमी भागांत स्वतंत्र सस्पेन्शन बसवण्याची ही युक्ती १९८२ पर्यंत टिकली.

तिची किंमत मात्र आज मोजावी लागते. हाफ शाफ्ट भार घेतात, म्हणून डिफरन्शियलमधल्या साइड योकची (ज्यांना हाफ शाफ्ट जोडले जातात त्या तुकड्यांची) आतली टोके झिजतात. टोक झिजले की शाफ्ट आत-बाहेर सरकतो आणि त्याबरोबर चाकाचा कल बदलतो. मग अलाइनमेंट कितीही वेळा करा, गाडी वळणावर मागून डोलतच राहते. तपासणी सोपी आहे: गाडी वर उचला, चाके लोंबकळू द्या, योक हाताने धरून आत-बाहेर हलवा. स्पष्ट हालचाल जाणवली तर योक बदलायला झाले. ट्रेलिंग आर्ममधले मागच्या चाकांचे बेअरिंग हे दुसरे ठिकाण. त्यांना बाहेरून ग्रीस भरता येत नाही. स्पिंडल बाहेर काढून, शिम (पातळ चकत्या) लावून, प्ले (ढिलेपणा) मोजूनच ते बसवावे लागतात. हे काम हातोडीने उरकणाऱ्या गॅरेजकडे देऊ नये.

१९६५ पासून चारही चाकांना डिस्क ब्रेक आले. त्या काळाच्या मानाने उत्तम: प्रत्येक कॅलिपरला चार पिस्टन. पण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, गाडी उभी राहिली की कॅलिपरचे ओतीव लोखंडी बोअर आतून गंजतात आणि सीलखालून गळती सुरू होते. उपाय म्हणजे बोअरमध्ये स्टेनलेस स्टीलचे स्लीव्ह बसवलेले कॅलिपर. त्याहून फसवा दोष वेगळाच आहे. कारखान्यात डिस्क हबला रिव्हेट मारून मग जागेवरच मशीन केलेली असे. कुणी रिव्हेट उडवून नवी डिस्क नुसती अडकवली तर ती किंचित डगमगते. डगमग ०.००५ इंचाच्या पुढे गेली की प्रत्येक फेऱ्याला पिस्टन आत-बाहेर ढकलले जातात, लिप सील बाहेरची हवा आत ओढतात आणि पेडल मऊ पडते. तेल कुठेच गळत नाही, तरी ब्लीड केलेले (हवा काढलेले) ब्रेक काही दिवसांत पुन्हा स्पंजासारखे लागतात. अशा वेळी मास्टर सिलिंडर बदलण्याआधी डिस्कला डायल गेज (डगमग मोजणारे मापक) लावून पाहावे.

१९६८ मध्ये सी३ आली. नवी बॉडी, काढता येणारी दोन छप्पर-फळकुटे, पण चॅसी तीच. त्यामुळे वर सांगितलेले सगळे तिलाही लागू. तिची स्वतःची भर म्हणजे व्हॅक्यूमवर उघडणारे दिवे. एक दिवा दुसऱ्यापेक्षा उशिरा उठत असेल तर मोटर शोधत बसू नका, मोटर नाहीच. रबरी नळ्या, रिले आणि अॅक्च्युएटरचे पडदे तपासा.

गंजाबद्दल थोडे सविस्तर. फायबरग्लास गंजत नाही, या एका वाक्यावर अनेकांनी पैसे घालवले आहेत. बॉडीच्या आत पुढच्या काचेभोवती आणि दरवाजांच्या खांबांत पोलादी पिंजरा आहे, आणि खाली पोलादी चॅसी. काचेच्या कडेतून झिरपलेले पाणी पिंजऱ्यात उतरते आणि बाहेर रंग चकाचक असताना आतला खांब पोखरला जातो. पायांजवळची बाजूची प्लॅस्टिक पट्टी काढून टॉर्चने खांबाचा तळ पाहा. चॅसीत मागच्या चाकांच्या अगदी पुढे, जिथे ती वर वळते आणि ट्रेलिंग आर्म आत शिरतो, तिथे चिखल साचतो. त्या जागी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. शेवटी बोनट उघडून आणि चाकांच्या कमानींत हात घालून फायबरग्लासच्या सांध्यामागच्या पट्ट्या बघा. पट्टी तुटलेली, वाकडी किंवा गायब असेल तर तिथे कधीतरी धडक झाली आहे.

सी३ च्या शक्तीचे आकडेही जपून वाचावेत. १९७१ मधले ३५० घनइंचाचे साधे इंजिन २७० अश्वशक्तीचे आणि १९७२ मध्ये तेच २०० चे दिसते. इंजिन जवळपास तेच आहे. आधी ते बाहेर काढून, पंखा-सायलेन्सर न जोडता मोजत. १९७२ पासून गाडीत बसते तसे मोजू लागले. १९७५ चा १६५ चा आकडा मात्र खरीच घट आहे, आणि त्याच वर्षी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला.

तिसरा सांगाडा सी४ चा, १९८४ मॉडेलचा. १९८३ चे मॉडेल विक्रीला आलेच नाही. त्या वर्षाची चाचणीसाठी बनवलेली एकच गाडी उरली आहे आणि ती केंटकीतल्या बोलिंग ग्रीन इथल्या कॉर्वेट संग्रहालयात आहे. कॉर्वेटचे तेव्हाचे मुख्य अभियंता डेव्हिड मॅक्लेलन यांच्या चमूने वेगळी चॅसी काढून टाकली, पिंजरा आणि चॅसी एकजीव केली आणि गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत अॅल्युमिनियमचा कणा टाकला. आडवा पाटा पुढेही आला, आता फायबरचा. वळणावरची पकड एकदम वेगळ्या पातळीवर गेली. ताकद टिकवण्यासाठी दरवाजाखालचे उंबरे मात्र इतके उंच ठेवावे लागले की आत बसताना पाय उचलूनच टाकावा लागतो.

१९९२ मध्ये ३०० अश्वशक्तीचे एलटी१ इंजिन आले, आणि त्याबरोबर ऑप्टिस्पार्क. हा डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) इंजिनाच्या तोंडावर, वॉटर पंपाच्या खाली बसवला आहे. पंपाचा सील गेला की कूलंट नेमका त्याच्यावर ठिबकतो. आत ओलावा शिरला की आधी पावसाळी हवेत मिसफायर, मग गाडी बंद. म्हणून पंपाखाली ओल दिसली की त्याच दिवशी पंप बदलावा. ऑप्टिस्पार्क काढायचाच झाला तर पंप आणि क्रँकची पुली दोन्ही उतरवावी लागतात, तेव्हा पंप, सील आणि प्लगच्या वायरी एकदमच नव्या घालाव्यात. याच इंजिनात कूलंट आधी हेडकडे आणि मग ब्लॉककडे जातो. भरताना थर्मोस्टॅटच्या घरावरचा ब्लीड स्क्रू उघडला नाही तर हवा अडकते आणि हेड तापते.

चौथा सांगाडा १९९७ च्या सी५ चा. गिअरबॉक्स उचलून मागे डिफरन्शियलला जोडला, त्यामुळे वजन पुढे ५१ आणि मागे ४९ टक्के असे वाटले गेले. चॅसीचे बाजूचे दांडे पाण्याच्या दाबाने एका नळीतून घडवलेले, तळाच्या फळीत बाल्सा लाकूड, पुढे पूर्ण अॅल्युमिनियमचे एलएस१ इंजिन, ३४५ अश्वशक्तीचे. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी टॉर्क ट्यूब ही हिची कळीची जागा. तिच्या आत शाफ्टला रबरी कपलिंग आहेत. ती चिरली की कंप आणि खडखड जाणवते. भाग महाग नाहीत, मजुरी महाग आहे, कारण मागचा सगळा क्रेडल (आधाराची चौकट) खाली उतरवावा लागतो. दुसरी तपासणी इंजिन चालू ठेवून करा: क्रँकच्या पुलीकडे पाहा. बाहेरची कडी डगमगत असेल तर तिचे रबर सुटले आहे. ती जागेवरून सरकली तर स्टिअरिंग रॅकला घासू शकते.

सी६ (२००५) आणि सी७ (२०१४) हा याच मांडणीचा विकास. सी६ च्या झेड०६ या जास्त ताकदीच्या आवृत्तीत अॅल्युमिनियमची चॅसी आणि ७.० लिटरचे ५०५ अश्वशक्तीचे एलएस७ आले. फार सुंदर इंजिन, पण व्हॉल्व्ह गाइड झिजतात; विकत घेण्याआधी हेडची मोजणी झाल्याचा कागद मागा. सी७ मध्ये सगळ्याच गाड्यांना अॅल्युमिनियमची चॅसी मिळाली. तिच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये हलक्या ॲक्सिलरेटरवर रस्त्यावरच्या खरखरीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर आली तर आधी तेल पूर्ण बदलून नव्या प्रकारचे भरा, गिअरबॉक्स उघडू नका.

पाचवा सांगाडा २०२० च्या सी८ चा. इंजिन अखेर पाठीमागे आले, जे डंटोव्ह १९६० च्या सर्व्ह-१ या प्रायोगिक गाडीपासून मागत होते. ६.२ लिटरचे एलटी२, झेड५१ या जादा परफॉर्मन्स पॅकेजसह ४९५ अश्वशक्ती, आणि ताशी ६० मैल गाठायला ३ सेकंदांहून कमी वेळ. सी७ च्या पुढे बसवलेल्या इंजिनाची शक्ती कितीही वाढवली तरी ती मागच्या टायरांतून रस्त्यावर पूर्ण उतरत नव्हती. वजन मागे गेल्यावर ती उतरली. आडवा पाटा ५७ वर्षांनंतर गेला, कॉइल स्प्रिंग आल्या. मॅन्युअल गिअरबॉक्सही गेला, आणि याची खंत मला खरोखर आहे. कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची निघणारी ही पहिली कॉर्वेट, ब्रिटन, जपान आणि ऑस्ट्रेलियासाठी.

सी८ वापरलेली घेत असाल तर सर्वांत आधी ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या नोंदी बघा. सुरुवातीच्या गाड्यांना पहिला बाहेरचा फिल्टर ७,५०० मैलांवर, म्हणजे सुमारे १२,००० किलोमीटरवर बदलायचा असतो. नवा गिअरबॉक्स रुळताना सुटलेला धातूचा बारीक कीस त्यातच अडकतो, आणि तो फिल्टर वेळेवर निघाला नसेल तर कीस क्लचला तेल पुरवणाऱ्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचण्याचा धोका वाढतो. गाडी उचलताना जॅक सरळ तळाला लावू नये. ठरलेल्या चार खाचांत रबरी पक अडकवून त्यावरच लावावा, नाहीतर बाजूची पट्टी आणि तळाचे पॅनेल दोन्ही तडकतात.