नाकापासून किती इंच?

जळगावात मॉनिटर घ्यायला दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती इंची पाहिजे, भो?" हे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, या कोपऱ्यापासून तिरप्या त्या कोपऱ्यापर्यंत. कर्णाचं गणित खरं तर आपल्या घरचं. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजू, भुज, कोटी, कर्ण, मांडून ठेवल्या, आणि त्यांच्या घराण्याची हकिकत सांगणारा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणचा. दुकानात मात्र नुसता कर्ण सांगतात. भुज-कोटीचं नाव नाही.

जुना चौकोनी १७ इंची पडदा आठवतो? उंची साडेदहा इंच. तो जाऊन ऑफिसांमधून १८.५ इंची रुंद पडदे आले, त्यांची उंची जेमतेम ९ इंच. आकडा दीडने वाढला आणि उंची दीडने घटली! खातेउतारा पाहायला माउसचं चाक जास्त फिरवावं लागलं, एवढाच काय तो फायदा. आजचा ३४ इंची लांबट पडदासुद्धा उंचीला २७ इंचीएवढाच भरतो.

दुसरा आकडा रिझोल्यूशनचा. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकूण पावणेएकवीस लाखांच्या आसपास. पडदा २४ इंची घ्या नाहीतर २७ इंची, ठिपके तेवढेच. रावेर-यावलच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. केळीची खोडं तेवढीच आणि वावर मोठं, तर ओळींमधून पलीकडचा बांध दिसणारच. २४ इंचीत इंचाला ९२ ठिपके पडतात, २७ इंचीत ८२. इंग्रजी अक्षरांचं त्यात निभावून जातं, देवनागरीचे हाल होतात. लग्नपत्रिका जुळवणाऱ्याला विचारा. आपल्याकडच्या पत्रिकेत काका, मामा, मेहुणे, आतेभाऊ, कोणाचं नाव सुटलं तर वर्षभर अबोला. म्हणून टाइप बारीक. त्या टाइपात 'सर्वांनी अगत्य येण्याचे करावे' मधला रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, आणि तिथीतल्या 'ज्येष्ठ'चा 'ष्ठ' म्हणजे नुसता डाग.

पण हे सगळं कुठून बघता त्यावर आहे. निरोगी डोळ्याला साधारण कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं बारीक वेगळं दिसतं. नेत्रशिबिरात सहा मीटरवरून वाचायला लावतात तो तक्ता याच मापावर बेतलेला आहे. त्या हिशेबाने २७ इंची फुल एचडीचे ठिपके विरघळायला साडेतीन फूट लागतात. तोच पडदा २५६० गुणिले १४४० चा असेल तर अडीच फुटांच्या थोडं पुढे, आणि फोरके, म्हणजे ३८४० गुणिले २१६० चा, असेल तर पावणेदोन फुटांवरच काम भागतं. फोरकेवर अक्षरं मुंगीएवढी होतात हे खरं, पण स्केलिंग, म्हणजे अक्षरं मोठी दाखवायची सेटिंग, दीडशे टक्के केलं की जागा २५६० च्या पडद्याएवढी मिळते आणि अक्षर कोरल्यासारखं दिसतं. मला विचाराल तर मराठी वाचणाऱ्याने पैसे इथे घालावेत, इंचांत नाही. घरातला मोठा टीव्ही कॉम्प्युटरला जोडणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

आणि टेबल? ते कोणी मोजत नाही. आपल्याकडे बैठकीतलं टेबल कुठे ठेवायचं हे मे महिन्यातला कूलर ठरवतो. भिंतीला चिकटलेलं, दीड फूट खोलीचं टेबल, त्यावर की-बोर्ड, आणि त्यामागे नाकासमोर २७ इंची पडदा! या कडेपासून त्या कडेपर्यंत साडेतेवीस इंच. हिशेबाची ओळ वाचताना मान डावी-उजवी करत राहायचं. त्यात चाळिशी लागलेली असली तर वेगळीच तऱ्हा: वाचायचा चष्मा दीडेक फुटांचा, पडदा त्याच्या पुढे, आणि दुहेरी भिंगाच्या खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली ठेवली तर मान तरी वाचते.

यावल तालुक्यातल्या माझ्या मामांना हे सगळं सांगून झालं. केळीच्या भावांसाठी आणि हिशेबासाठी त्यांना पडदा हवा होता. मी म्हटलं, "मामा, तुमच्या टेबलाला चोवीसच बरा."

"अरे भाचा, सत्तावीसमध्ये मोठं दिसतं."

२७ इंची फुल एचडी आला. अंतराची गोष्ट मात्र मामांनी मनावर घेतली. त्यांचं घर धाब्याचं, भिंत दोन फूट जाड. भिंतीतल्या फडताळाची दारं काढून त्यांनी पडदा आत सरकवला आणि टेबल पुढे ओढलं. साडेतीन फूट भरले, ठिपके गेले. पण तेवढ्या लांबून भाव वाचवेना, म्हणून मामा टेबलावर कोपरं टेकून पुढे वाकतात. स्केलिंग सव्वाशे टक्के करून देतो म्हटलं तर म्हणाले, "मग पत्रक एका पानात मावत नही."

मामींनी स्वयंपाकघरातून ऐकवलं, "एवढा मोठा आणला, अन् वाचाले नाकच लावता!"