४० फ्रँकचे बर्गर आणि नौपाड्याचा हिशेब

जिनिव्हात आम्हा तिघांच्या बर्गरचे बिल ४० फ्रँकच्या पुढे गेले आणि मी त्याचा फोटो हौसेने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या काकांनी लगेच शंभराने गुणून, "चार हजारांत मामलेदारची मिसळ अख्ख्या सोसायटीला खाऊ घातली असती," असा निकाल दिला, आणि पाठोपाठ वहिनींनी "ही तर लूट आहे" असे लिहून टाकले. मिसळीबद्दल माझे काहीच म्हणणे नाही, पण लुटीचा आरोप मला झोंबला, आणि त्यावर ग्रुपवर चार ओळी लिहून भागण्यासारखे नव्हते.

फ्रँक शंभर रुपयांहून महाग आहे, तेव्हा काकांचा गुणाकार बरोबरच आहे. परंतु तो बिलाच्या शेवटच्या ओळीचा आहे, आणि बर्गरची किंमत त्या ओळीच्या बरीच आधी ठरून गेलेली असते. स्वित्झर्लंडमध्ये देशभराला लागू होणारे किमान वेतन नाही. जिनिव्हा कँटनने, म्हणजे येथल्या राज्याने, मात्र सप्टेंबर २०२० मध्ये जनमत घेऊन ताशी २३ फ्रँकचा दर ठरवला आणि महागाईप्रमाणे वाढत तो आता २४ फ्रँकच्या वर गेला आहे. काउंटरमागे बटाट्याच्या कांड्या तळणाऱ्या, दर दोन मिनिटांनी घंटा वाजली की जाळी उचलून मीठ भुरभुरवणाऱ्या मुलीला हा दर मिळतो. येथे सुटा मोठा बर्गर सात फ्रँकच्या थोडा वर मिळतो, म्हणजे ती स्वतः विकत असलेला बर्गर तिला वीस मिनिटांच्या आतल्या कमाईत परवडतो. आता ठाण्यातल्या मॉलमध्ये तशीच टोपी घालून उभ्या असलेल्या मुलाला त्याच्याच दुकानातला मोठा बर्गर घ्यायला किती वेळ राबावे लागत असेल, हा हिशेब काकांनी करून पाहावा.

हा हिशेब प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ऑर्ली ॲशनफेल्टर या अर्थतज्ज्ञांनी खरोखरच केला आहे. मॅकडॉनल्ड्सच्या कर्मचाऱ्याच्या तासाभराच्या पगारात त्याच दुकानातले किती बिग मॅक, म्हणजे मोठे बर्गर, येतात, हे त्यांनी देशोदेशी मोजले. २००७ च्या आकड्यांनुसार अमेरिकेत सुमारे २.४ बर्गर येत होते, जपानमध्ये तीनाच्या थोडे वर, आणि भारतात जेमतेम एक तृतीयांश. 'द इकॉनॉमिस्ट' हे ब्रिटिश साप्ताहिक १९८६ पासून बिग मॅकच्या किमतीवरून चलने स्वस्त की महाग हे सांगत आले आहे, आणि आपल्याकडे गोमांसाचा बर्गर नसल्यामुळे भारतासाठी महाराजा मॅकचा भाव धरला जातो. त्या तक्त्यात रुपया नेहमीच स्वस्त दिसतो आणि आपल्याला उगाचच बरे वाटते. ॲशनफेल्टरांचा तक्ता पाहून तसे वाटत नाही.

यावर काका विचारतील की पाव तोच, बटाटा तोच, मग मजुरीत एवढे अंतर का. येथली मुलगी ठाण्यातल्या मुलापेक्षा कामात चपळ आहे असे मुळीच नाही. उलट रविवारी संध्याकाळची गर्दी आपली मुले ज्या वेगाने निभावतात, तो वेग मी येथे कधी पाहिलेला नाही. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएल्सन या दोघा अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे जे मांडले, त्यात याचे उत्तर आहे. जो देश घड्याळे किंवा औषधे जगाच्या बाजारात मोठ्या भावाने विकतो, तेथे त्या कारखान्यांतले पगार वाढतात, आणि मग न्हाव्यालाही, वेटरलाही, तळणीवरच्या मुलीलाही त्याच्या आसपास पगार द्यावा लागतो, कारण नाही दिला तर ती माणसे दुसरीकडे निघून जातात. आपल्याकडे ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये परदेशाची कामे करणाऱ्यांचे पगार वाढले, तरी खाली चहा देणाऱ्याचे तेवढे वाढले नाहीत, कारण त्याच्या जागेसाठी मागे दहाजण उभे असतात. आपल्या स्वस्ताईचा मोठा भाग या रांगेतून येतो, आणि येथे येईपर्यंत मला ती रांग कधी दिसली नव्हती.

बाकीची कारणे त्यामानाने किरकोळ आहेत. स्वित्झर्लंड आपल्या शेतकऱ्यांना सांभाळण्यासाठी आयात मांसावर जबर कर लावतो. आपल्याकडे मॅकडॉनल्ड्सच्या टिक्क्या आपल्याच तळोज्यात तयार होतात आणि त्यात बटाटा-वाटाणा असतो, तेव्हा कच्चा माल स्वस्तच पडणार. करांचे म्हणाल, तर आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक उपाहारगृहांवर पाच टक्के जीएसटी आहे. येथे बसून खाल्ले तर ८.१ टक्के आणि बांधून नेले तर २.६ टक्के कर बसतो, तरी फलकावर भाव एकच लिहिलेला असतो. तो मधला फरक कोणाच्या खिशात जातो, हे विचारण्याइतके माझे फ्रेंच अजून सुधारलेले नाही.

हे सगळे मी समजुतीने लिहिते आहे, परंतु केचपच्या बाबतीत माझी समजूत संपते. आमच्या घराजवळच्या दुकानात केचपचे पैसे वेगळे पडतात. पडद्यावर बर्गर निवडा, कांड्या निवडा, आणि मग तो पडदा अत्यंत सभ्यपणे विचारतो की सॉस हवा आहे का. हो म्हटले की अंगठ्याएवढ्या पुडीचे पैसे बिलात चढतात, आणि दुसरी पुडी घेतली की दुसऱ्यांदा चढतात. ठाण्यातल्या कोणत्याही घरात फ्रिजच्या दारात फुकट आलेल्या केचपच्या पुड्यांचा ढीग असतो, हे काय मी सांगायला हवे? आपला वडापाववाला सुकी चटणी भुरभुरवतो, तळलेली मिरची देतो, वर कागदात मूठभर चुरा घालतो, आणि पुन्हा मागितला तर तोंड वाकडे न करता पुन्हा देतो. माझा नवरा समजावतो की येथे प्रत्येक गोष्टीची किंमत उघडपणे मांडतात, आपल्याकडे ती पोटात घातलेली असते, आणि ज्याला केचप नको त्याने दुसऱ्याच्या केचपचे पैसे का भरावेत. तर्क म्हणून हे ठीक आहे. परंतु चौदा-पंधरा फ्रँक मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला चमचाभर टोमॅटो मोजून देणे याला मी कद्रूपणा म्हणते, आणि हल्ली पर्समध्ये घरची बाटली घेऊन जाते. नवरा तेवढ्यापुरता दुसऱ्या टेबलाकडे बघत बसतो.

राहिला वहिनींचा आरोप. तो खोडून काढायला सतरा नंबरच्या ट्राममध्ये बसणे पुरते. ती ट्राम जिनिव्हातून निघून सीमा ओलांडते आणि फ्रान्समधल्या आनमासला जाते. अंतर म्हणाल तर ठाण्याहून मुलुंडच्या थोडे पुढे जावे इतकेच, आणि मुलुंडच्या नाक्यावर पूर्वी जकातीसाठी लागणाऱ्या ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना एवढ्याशा अंतरात भाव कसे बदलतात हे सांगायला नको. पलीकडे किमान वेतन ताशी बारा युरोच्या आसपास, म्हणजे अलीकडच्या निम्मे, आणि खाणेपिणेही त्या मानाने स्वस्त आहे. म्हणूनच एक लाखाहून अधिक माणसे फ्रान्सच्या बाजूला राहून रोज कामाला जिनिव्हात येतात, आणि जिनिव्हातली माणसे शनिवारी पिशव्या घेऊन उलट्या दिशेने जातात.

आम्हीही जातो. तळणीवरच्या मुलीला २४ फ्रँक मिळावेत या मताची मी आहे आणि महिन्यातून एखाद्या बर्गरपुरती ती किंमत मी भरतेही, परंतु घरची कोंबडी मात्र आनमासहून येते. २०२५ च्या जानेवारीपासून विनाकर आणायच्या सामानाची मर्यादा माणशी ३०० वरून १५० फ्रँकवर आणली आहे, तेवढी कटकट वाढली. मांस मात्र अजूनही माणशी एक किलो आणता येते, आणि आमच्या मुलीचा किलो वेगळा धरला जातो.