कूल, कूलर, कूलेस्ट

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ तापाचे दिवस, लागून दोन दिवस झाले होते. दुपारचे तीन, बाहेर 45, रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि आत आमचा कूलर. हा कूलर सुरू असला की माणसाला झोप लागते आणि बंद पडला की जाग येते. मी पहिल्या अवस्थेत होतो, तेवढ्यात भाचीनं पाय हलवला. हातात सुट्टीतल्या अभ्यासाची वही.

"मामा, हा आपला कूलर आहे न, हा कम्पॅरेटिव्ह डिग्री आहे का?"

"काहून?"

"कूल, कूलर, कूलेस्ट. मग कूल कुठाय आपल्याकडे? अन् कूलेस्ट?"

खरं सांगायचं तर या प्रश्नाचा निकाल मी लहानपणीच लावून टाकला होता. कूल म्हणजे अंगणातला माठ. कूलर म्हणजे कूलर. आणि कूलेस्ट म्हणजे नागपुरात बर्डीवरच्या बँकेतली ती काचेच्या दाराआडची खोली, जिथे बाबा ड्राफ्ट काढायला जायचे आणि मी उगाच मागे लागायचो. पण आता मामा झालो म्हटल्यावर शास्त्रशुद्ध बोलणं भाग होतं. मी उठून बसलो आणि सांगितलं, की बेटा, हा 'अर' वेगळा आणि तो 'अर' वेगळा. हा थंड करणारा म्हणून कूलर. जसा शिकवणारा तो टीचर. टीचर म्हणजे काही 'जास्त टीच' नव्हे.

"मग टीचेस्ट कोण?" असं तिनंच विचारलं आणि उत्तरही तिनंच दिलं, "आमच्या प्रिन्सिपल मॅडम."

यावर काय बोलणार? कूलरकडे तोंड करून बसलो. यंदा ताट्या नव्या टाकल्या आहेत, त्यांचा ओला वास अजून येतो. मुंबईच्या मावसभावाला हे सुख कधी कळलं नाही. तिथली हवा आधीच ओली, कूलरचं पाणी उडायला जागाच नाही, मग गार कसं होणार? तो इथे मे महिन्यात आला की कूलरसमोर असा बसतो जसा देवळात बसावा.

भाचीच्या वहीत पुढचं पान विशेषणांच्या क्रमाचं होतं. गोल, जुनं, लाकडी, मोठं, सुंदर असं एक टेबल दिलेलं आणि विशेषणं नीट रांगेत लावा म्हणून सांगितलेलं. तिला ते मंत्रासारखं पाठ होतं. ऑसॅस्कॉम्प, इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं जोडून केलेला. म्हणजे आधी आपलं मत, मग आकारमान, मग वय, मग घडण, रंग, गाव, कशाचं बनलं ते आणि शेवटी कशासाठी ते. मी थक्क झालो. आम्हाला हे कोणी शिकवलंच नव्हतं, आणि तरी आम्ही एवढी वर्षं इंग्रजीत अर्ज लिहीत आलो. मग मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहिलं. 'सुंदर मोठं जुनं लाकडी टेबल' बरं वाटतं. 'लाकडी जुनं मोठं सुंदर टेबल' म्हटलं की जाहिरातवाला पैसे अक्षरावर मोजतो आहे असं वाटतं. म्हणजे रांग आपल्यातही आहे, फक्त आपण ती बसच्या रांगेसारखी पाळतो. मधे कोणी शिरलं तर भांडत नाही.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते 2000 साली आलं. तोपर्यंत आमची जीभ चांगली घट्ट झालेली. त्या घट्ट जिभेशी झटायला आमचे सर इतवारीहून सायकलवर यायचे. पँटच्या पायाला सायकलची क्लिप, ती वर्गातही काढायचे नाहीत. बहुतेक लगेच पळायची तयारी असावी. ते म्हणायचे, "इंग्रजाचं विशेषण कोणासमोर वाकत नाही रे. गुड बॉय, गुड गर्ल, गुड बुक. अन् आपलं पहा. चांगला, चांगली, चांगलं. आपलं विशेषण समोर कोण आलं ते पाहून नमस्कार करते."

हे नमस्काराचं प्रकरण माझ्या संसारात पुढे महागात पडलं. बायकोचं माहेर पुण्याचं. ती म्हणते, "केवढं मोठं संत्रं!" मी म्हणतो, "केवढा मोठा संत्रा!" संत्रे आमच्या गावचे, तेव्हा त्यांचं लिंग आम्ही ठरवणार, असं माझं म्हणणं. ती म्हणते, व्याकरण गावावर चालत नाही. लग्नाला 30 वर्षं झाली, अजून निकाल नाही. 'गोड' हे विशेषण बरं, ते कोणासाठी बदलत नाही. म्हणून आमच्या घरी संत्रा मोठा की मोठं हे कोणी बोलत नाही, फक्त गोड आहे म्हणतात.

सरांचा सगळ्यात आवडता धडा डिग्री बदलण्याचा. फळ्यावर त्यांनी लिहिलं, नागपूर इज द हॉटेस्ट सिटी. मग याचं कम्पॅरेटिव्ह करा, पॉझिटिव्ह करा. आम्ही घोकलं, नो अदर सिटी इज ॲज हॉट ॲज नागपूर. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला. तो चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, मामाकडे राहून शिकायचा. वर्षभर वर्गात एक शब्द बोलला नव्हता.

"सर, चांद्याला याहून जास्त तापते न जी."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी डस्टर घेतलं आणि फळ्यावरचं नागपूरचं पहिलेपण पुसून टाकलं. त्याजागी लिहिलं, व्हेरी फ्यू सिटीज आर ॲज हॉट ॲज नागपूर. मग त्याच्याकडे वळून विचारलं, "आता चालते?" पोरगा म्हणाला, "चालते जी." त्या दिवसापासून तो आमच्यात बोलायला लागला. आता वाटतं, व्याकरणाच्या तासाला एवढा न्याय झालेला मी पुन्हा कुठे पाहिला नाही.

आणि मग आलं फ्यू आणि अ फ्यू.

हे ज्यानं शिकलं नाही त्यानं आमच्या काळची शाळा पाहिलीच नाही. सर संत्र्यांवरून सांगायचे. "देअर आर फ्यू ऑरेंजेस इन द बास्केट, म्हणजे पाहुणा आला अन् आईनं टोपलं पदरानं झाकलं. अ फ्यू, म्हणजे पाहुण्याच्या हाती एकेक ठेवता येते. द फ्यू, म्हणजे होते तेवढे सारे पाहुण्यानं खाल्ले. एवढासा 'अ' आहे बेटा, पण घरची अब्रू राखते."

त्या 'अ'चा मला पुढे नादच लागला. कोणाच्या बोलण्यात तो गळला की माझ्या कानात खडा आल्यासारखं होतं. मराठीत हे जोखड नाही, म्हणून आपण इंग्रजी बोलताना तो सगळ्यात आधी सांडतो. तसे माझे आणखीही काही खडे आहेत. शेजारचा इंजिनिअर पोरगा रविवारी दुपारी गॅलरीत येऊन जाहीर करतो, "आय ॲम सो बोरिंग." त्याला कंटाळा आला आहे हे मला कळतं. पण तो जे म्हणतो तेही खरं असल्यामुळे मी दुरुस्त करत नाही. लग्नाच्या जाहिरातीत 'होमली' मुलगी हवी असते. आपल्याला घर सांभाळणारी म्हणायचं असतं, पण अमेरिकेतला मुलगा तेच वाचून फोटो न पाहताच नाही म्हणायचा, कारण तिकडे होमली म्हणजे दिसायला बेताची. आणि 'मोर बेटर' ऐकलं की मी पूर्वी चिडायचो. मग कळलं की खुद्द शेक्सपिअरनं एका ठिकाणी मोस्ट लावून वर एस्टही लावलं आहे. तेव्हापासून कूलर दुरुस्त करणारा "साहेब, हा पंप मोर बेटर आहे" म्हणाला तरी मान डोलावतो.

पण 'अ'चं काही सुटलं नाही.

आईला शेवटी दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा श्रावण संपत आला होता. डॉक्टर भला माणूस. त्यानं मला बाहेर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि आपण सगळे बोलतो तसं अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलला. "फ्यू डेज आहेत. घरी घेऊन जा."

मी त्या व्हरांड्यात उभा राहिलो. सांगायला लाज वाटते, पण डोक्यात पहिला विचार आला तो सरांचा. फ्यू की अ फ्यू? टोपलं झाकायचं की एकेक हाती ठेवता येईल? मागे जाऊन विचारावं असंही वाटलं. पण काय विचारणार? डॉक्टर, तुमचा 'अ' गळला, की तुम्ही तो लावलाच नव्हता?

विचारलं नाही. आईला महालातल्या घरी आणलं. अकराव्या दिवशी मारबत निघाली, गावची ईडा पीडा बाहेर नेणाऱ्या पुतळ्यांची आमची मिरवणूक. आधी काळी, मग पिवळी. गल्लीतून पोरांचा आवाज आत येत होता, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत." आई डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "पिवळी गेली का रे?" म्हटलं, गेली. "यंदा मोठी होती का?" मी पाहिली नव्हती, तरी म्हटलं, हो, मोठी होती. मागच्या वर्षीपेक्षा मोठी.

ती 19 दिवस राहिली.

"मामा, झोपला का?" भाचीनं पुन्हा हलवलं. "हे एक राहिलं." वही पुढे सरकवली. रिकामी जागा भरा. देअर आर, मग रेघ, मग ऑरेंजेस इन द बास्केट. एवढ्या वर्षांत शाळेनं टोपलं बदललं नव्हतं.

"यात फ्यू येते का अ फ्यू?" ती म्हणाली. "टोपल्यात किती आहेत ते तर लिहिलंच नाही."

मी म्हटलं, दोन्ही लिही. दोन्ही बरोबर आहे.

तिनं दोन्ही लिहिलं. आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. टीचरनं त्यावर लाल फुली मारली, आणि भाची चार दिवस माझ्याशी बोलली नाही.