सूरिनामचा पोम

दक्षिण अमेरिकेतल्या सूरिनाममध्ये सरकारी कारभार डचमध्ये, बाजारात स्रानान टोंगो आणि १८७३ पासून आलेल्या भोजपुरी-अवधी मजुरांच्या वंशजांच्या घरी सरनामी. वाढदिवसाला मात्र पोम, म्हणजे किसलेल्या कंदात कोंबडी घालून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ, हवाच, मग घर कुणाचंही असो!

तो कंद म्हणजे पोमतायर, अळूच्या कुळातला. किलोभर किसात संत्र्या-लिंबाचा रस आणि शिजवलेल्या कोंबडीचा थोडा रस्सा कालवायचा. रस्सा जास्त झाला की वडी पडत नाही, चमच्याने वाढावं लागतं. लोणी लावलेल्या ट्रेमध्ये अर्धा कीस, त्यावर कोंबडी, वर उरलेला कीस. १८० अंशांवर सव्वा तास, वरून खरपूस होईपर्यंत. घाई केली तर घसा खवखवतो, कारण कंदात ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात. अळूच्या फतफत्यात चिंच घालणाऱ्यांना आंबट रसाचं प्रयोजन सांगायला नको.