उरलेल्या पीओपीपासून : आमची वाटचाल

माझा दादा घरांच्या छताला पीओपी करायचा. 2013 च्या दिवाळीत एका कामातून उरलेली अर्धी गोणी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी पडून होती. मी तेव्हा चित्रकलेच्या शिकवण्या घ्यायचे. दादाची थापी उचलली, कॅनव्हासवर पीओपीचा थर दिला, वर तैलरंग लावले. थोड्याच दिवसांत चित्राला भेगा पडल्या आणि रंग पिठासारखा हाताला लागू लागला.

चूक दादानेच दाखवली. कॅनव्हास लवतो, पीओपी लवत नाही. शिवाय पीओपी तहानलेला असतो. रंगातलं जवसाचं तेल पिऊन टाकतो आणि वर भुकटी उरते. तेव्हापासून आम्ही 12 मिमीच्या प्लायवर काम करतो आणि थर वाळला की पातळ फेविकॉलचे दोन हात मारतो. पीओपी अर्ध्या तासात कडक होतो, पण वाळत नाही. हाताची पालथी बाजू लावायची. गार लागलं, तर आत ओल आहे. पावसाळ्यात हा गारवा दिवसेंदिवस जात नाही.

मेण मी नंतर शिकले. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं. ते कढत पाण्यातल्या पातेल्यात वितळवायचं, थेट आचेवर कधीच नाही. मग गॅस बंद करून, मोकळ्या हवेत नेऊन टर्पेंटाईन मिसळायचं. निवलं की लोण्यासारखं होतं. ते तैलरंगात कालवून थापीने पसरलं की रंगाची चकाकी जाते आणि दुधावरच्या सायीसारखी मऊ झाक येते. मग जागोजागी खरवडून खालचे थर वर आणायचे. मला या कामातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

2017 च्या मे महिन्यात एका हॉटेलची पाच चित्रं तारीख गाठायला घाईने दिली. बबलरॅपमध्ये गुंडाळली, बंद टेम्पो भर दुपारी उन्हात उभा राहिला. उघडलं तर पाचही चित्रांवर बुडबुड्यांचे गोल वण. मेण वितळायच्या कितीतरी आधी मऊ पडतं, हे नागपूरच्या उन्हाने शिकवलं. ॲडव्हान्स परत केला, तो दादाच्या छताच्या कामांतून. त्या रात्री दुकान बंद करायचं आम्ही जवळजवळ ठरवलं होतं.

आता मेणात थोडी डामर राळ, म्हणजे झाडाचा वाळलेला डिंकासारखा चीक, घालतो, त्याने ते कडक राहतं. पृष्ठभागाला काही टेकणार नाही अशी लाकडी पेटी दादा स्वतः करतो. उन्हाळ्यात माल पहाटेच निघतो. आणि तारीख आम्ही सांगतो.

सध्या वर्ध्याच्या एका दवाखान्यासाठी 6 बाय 4 फुटांचं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या शेताचं चित्र चाललंय. काळ्या मातीचा थर परवा दिला. डॉक्टरांचा काल पुन्हा फोन आला. दिवाळीनंतर या म्हटलं.